सतरा नंबरच्या कडूबाई

डॉ. यमुना कडू यांच्या हाताखाली मी तेरा वर्षं टायपिस्ट होतो. त्यातली पहिली काही वर्षं मी नेमकं काय टाइप करतो, हे आईला सांगू शकलो नव्हतो. सिंदीहून सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, एवढंच तिला ठाऊक. "दवाखान्यात कायचं काम हाय तुले?" ती विचारायची. "चामडीच्या रोगाचं," मी सांगायचो. ते अर्धं खरं होतं. आमच्या विभागाचं पूर्ण नाव 'त्वचा व गुप्तरोग'. त्यातला पहिला शब्द मी घरी न्यायचो आणि दुसरा टाइपरायटरच्या झाकणाखाली ठेवून यायचो.

विभाग म्हणजे एका धर्मादाय रुग्णालयाच्या व्हरांड्यातली शेवटची खोली. विश्वस्त मंडळी सोवळी. 'गुप्तरोग' अशी पाटी लावली तर बाळंतपणाला येणाऱ्या बायका बिचकतील, म्हणून त्यांनी दारावर नुसता आकडा रंगवला : सतरा. झालं उलटंच. थोड्याच दिवसांत जिल्हाभर त्या रोगाचंच नाव 'सतरा नंबर' पडलं. 'त्याले सतरा नंबर झाला' म्हटलं की ऐकणारा हळूच सरकून बसायचा. सिंदीला आमच्या आळीत नगरपालिकेनं घरांना क्रमांक दिले, तेव्हा एका सद्‌गृहस्थांनी अर्जविनंत्या करून आपलं घर 'सोळा-अ' करून घेतलं.

या खोलीच्या मालकीण कडूबाई. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, जाडीभरडी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात टायरच्या वहाणा. खेड्यातल्या पेशंटांना 'कडू' हे आडनाव आहे हे कधी उमगलंच नाही. मुलं जगत नसली की पोरीचं नाव कडू ठेवायची रीत आमच्याकडे होती, तसंच यांचंही असेल असं त्यांना वाटे. बाईंनीही कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. त्या तळेगावच्या. घरची संत्र्याची बाग, शिकल्या कुठं, कशा, हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं आणि ते तुकडे मी कधी जोडून पाहिले नाहीत. त्यांनी लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा रुग्णालयाच्या सेक्रेटरींनी चहा पिता पिता ते धाडस केलं. बाई म्हणाल्या, "रोज एवढे पाह्यते ना भाऊसाहेब, मन भरून जाते." सेक्रेटरींनी चहा अर्धा टाकला.

पेशंट यायचा तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून. बसायचा खुर्चीच्या काठावर. आणि सुरुवात बहुधा एकच : "बाई, माह्या मित्राले जरा तकलीफ हाय."

"मंग मित्र कोठी हाय?"

"तो लाजते."

"बरं. मंग त्याच्या वतीनं तू पडद्यामागं जाय अन् धोतर सोड."

रोगाची नावं लोकांना माहीत होती. गर्मी आणि परमा हे शब्द खेड्यात कुणीही सांगेल. पंचाईत अवयवाची. शुद्ध मराठी शब्द कुणाला कळत नसे आणि जो कळे तो फक्त भांडणात वापरायचा. म्हणून माणूस आपापल्या धंद्यातून शब्द काढायचा. रेल्वेचा खलाशी म्हणायचा, सिग्नल पडला. कापसाच्या जिनिंगमधला कामगार म्हणायचा, पट्टा सरकला. बाई हे सगळे शब्द एका वहीत टिपून ठेवत. एक व्याकरण शिकवणारे मास्तर आले आणि बराच वेळ घुटमळून म्हणाले, "डॉक्टर, कर्ता दुखतो."

बाईंनी वही काढली. "अन् कर्म कोन होतं?"

मास्तर उठून चालले होते. बाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं, तपासलं, बरं केलं.

पण मी तिथं होतो तो पेशंटांसाठी नव्हे, जर्नलसाठी. बाईंनी सुरुवातीला आपले लेख मोठ्या शहरांतल्या नियतकालिकांना पाठवले होते. ते परत आले. विषय ग्रामीण आहे, वाचकांना त्यात रस नाही, असं उत्तर. बाईंनी ठरवलं, आपणच काढू. मग सतरा नंबरमधून इंग्रजीत एक त्रैमासिक निघू लागलं. त्याचं नाव इतकं लांब होतं की मुखपृष्ठावर तीन ओळी त्यातच जायच्या. देशभरातले डॉक्टर त्यात लिहीत. छापणारे वर्ध्यातले आबाजी, मूळचे लग्नपत्रिकावाले, गळ्यात तुळशीची माळ. पहिल्या अंकाच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "बाई, इंग्रजीतच हाय ना सारं?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मंग काई हरकत नाई." त्यांचे खिळे जुळवणारे इंग्रजी अक्षरं ओळखायचे, शब्द नाही. जे शब्द जुळवताना माझे कान गरम व्हायचे, ते त्यांच्यासमोर भजन गुणगुणत जुळवले जायचे.

बाई लेख तपासायच्या त्या फल्लीच्या, म्हणजे भुईमुगाच्या, शेंगा फोडत. टेबलाच्या एका खणात आलेले लेख, दुसऱ्यात टरफलं. कधी अदलाबदल व्हायची. मोठमोठ्या प्राध्यापकांच्या इंग्रजी लेखांच्या समासात त्या लाल पेन्सिलीनं तीनच शेरे मारत, तेही वऱ्हाडीत : 'काऊन?', 'कोन म्हने?' आणि 'खोटं.' त्यांची सभ्य इंग्रजी पत्रं करायची हे माझं काम. 'कोन म्हने?' याचं मी करायचो, 'विद्वान लेखकाने प्रस्तुत विधानाचा आधार कृपया नमूद करावा.' 'काऊन?' याचं करायचो, 'हा निष्कर्ष कसा निघतो हे अधिक विस्ताराने मांडल्यास वाचक उपकृत होतील.' 'खोटं' ला मात्र अख्खं पान लागायचं.

एकदा माझ्या हातून पत्राऐवजी मूळ लेखच लाल शेऱ्यांसकट परत गेला. नेमके ते प्राध्यापक मराठी निघाले. एका परिच्छेदापाशी बाईंनी लिहिलं होतं, 'हे यानं पाह्यलं का याच्या बापानं?' मी आठवडाभर डाकेवर डोळा ठेवून होतो. उत्तर आलं : 'दोघांनीही पाहिलेलं नाही. परिच्छेद गाळावा.' बाई म्हणाल्या, "हा मानूस कामाचा हाय. याचा लेख पहिला घे."

दुसरी कटकट चित्रांची. जर्नलमध्ये रोगाचे फोटो असत आणि ठिकठिकाणच्या कॉलेजांतून तक्रारी येत की वाचनालयातल्या अंकातली फोटोंची पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेतं. ग्रंथपाल हवालदिल. बाईंनी पुढच्या अंकात फोटोंखाली एक ओळ टाकली : 'या आजाराची लागण कागदावरून होते किंवा नाही, याबद्दल आमच्याकडे अद्याप खात्रीलायक माहिती नाही.' पानं जागेवर राहू लागली.

आणीबाणीत मात्र सगळंच बंद पडायची वेळ आली. नसबंदीच्या धास्तीनं पुरुषमाणूस दवाखान्याच्या फाटकाकडं बघेना. निम्म्या सुया घेतलेले पेशंट गायब झाले. बाईंनी पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि फाटकावर टांगली : 'इथे काही कापत नाही.' तिसऱ्याच दिवशी जीपमधून एक अधिकारी आले.

"डॉक्टर, ही पाटी शासनाच्या मोहिमेच्या विरोधात जाते."

"मंग काय लिहू? 'इथं कापते' लिहू?"

अधिकारी विचारात पडले. तसं लिहिलं तर काय होईल हे त्यांनाही कळत होतं. शेवटी म्हणाले, "निदान तो 'काही' शब्द काढा. फार व्यापक वाटतो."

बाईंनी माझ्याकडून 'काही' वर रंग मारून घेतला. अधिकाऱ्यांनी वहीत 'सुधारणा करण्यात आली' असं लिहून सही घेतली आणि गेले. त्या दिवसांत याहून कमी कारणानं माणसं आत गेली होती. बाईंच्या टेबलाखाली एक पिशवी दिसली. त्यात एक साडी, टॉवेल आणि भाजलेल्या शेंगा होत्या. बाई तयारीत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

आता मी जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू जाते. पण ते गाळलं तर कडूबाई अर्ध्याच राहतील.

आमच्याकडे पेशंटची माहिती घेणारे एक समाजसेवक होते, ते नोकरी सोडून गेले. त्यांचं काम काही काळ माझ्यावर आलं. छापील कागदावरचे प्रश्न पेशंटला विचारायचे आणि उत्तरं लिहायची. नाव, गाव, धंदा, लग्न, इथवर ठीक. पुढचा प्रश्न : लग्नाबाहेर कुणाशी संबंध आला का? कधी, कुठं?

पहिल्याच दिवशी समोर बसला रामदास. रोहण्याचा गडी, हंगामात सिंदीच्या जिनिंगमध्ये कामाला यायचा. माझ्याकडं टक लावून पाहत म्हणाला, "तुमी काट्यावरच्या भोयरमामाचे पोरगे ना?" माझे वडील त्याच जिनात कापूस तोलायला होते. त्याच्या तोंडावर तो प्रश्न मला विचारवेना. मी मान खाली घातली आणि स्वतःच लिहिलं : 'नाही.' खाली विभागाचा शिक्का मारला आणि रीतीप्रमाणे एक प्रत त्याच्या हातात दिली.

पहिला खोटेपणा जड गेला, दुसरा सोपा. पुढं मी कुणालाच विचारलं नाही. सगळ्यांचं उत्तर 'नाही.' माझं अक्षर सुरेख होतं, कागद नेटके होते. त्या कागदांवरून बाईंनी लेख लिहायला घेतला. उत्तरं पाहून त्यांनाही कोडं पडलं. स्वतःच्याच लेखाच्या समासात त्यांनी लिहिलेलं 'काऊन?' मी पाहिलं. त्यांनी मला बोलावलं.

"भोयर, बरोबर विचारून राह्यला ना?"

"हो बाई."

त्यांनी विश्वास ठेवला. लेख छापला. आमच्या भागातले रोगी बहुतेक बाहेर न जाणारे आहेत, तेव्हा रोग येतो कुठून याचा वेगळा विचार व्हायला हवा, असा त्याचा रोख. लेख गाजला. ज्यांनी एके काळी बाईंचे लेख परत पाठवले होते, त्यांनीच एका मोठ्या परिषदेत तो वाचायला बोलावलं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा रेशमी साडी घेतली आणि ती माझ्यासकट सगळ्यांना दाखवली.

अशात एका दुपारी एक बाई आली. विशीतली, कडेवर लहान पोर. नाव सुमन. तिनं टेबलावर एक कागद ठेवला. माझ्या सुरेख अक्षरातला, शिक्क्याचा.

"बाई, हे तुमचंच हाय ना?"

"आमचं हाय."

"याच्यात लिवलं हाय म्हन्ते, माहा नवरा कोठी गेला नाई. मंग रोग आला कोठून? सासू म्हन्ते, माह्यापासून आला. मले घरून काढलं. नवरा हा कागद साऱ्या गावात दाखोवत फिरला. शिक्का हाय म्हन्ते, सरकारी."

चालचलणुकीचा दाखला म्हणून रामदास तो खिशात बाळगायचा; घरातून निघताना सुमननं तो काढून आणला होता.

बाईंनी कागद वाचला. शेंग फोडायला उचलली होती ती खाली ठेवली. "भोयर, याले तू विचारलं होतं?"

मी उभा राहिलो. "नाई."

"बाकीच्याईले?"

"नाई."

"कोनालेच?"

"कोनालेच नाई, बाई."

मला वाटलं, आता पेपरवेट येणार. बाईंनी कागदाची घडी करून तो खणात ठेवला. मग त्यांनी सुमनच्या पोरीला आपल्या मांडीवर घेतलं, सुमनला पडद्यामागं नेऊन तपासलं, औषध सुरू केलं. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "उद्या इकडं येऊ नको. आर्वीच्या एस्टीवर येजो."

दुसऱ्या दिवशी आम्ही रोहण्याला गेलो. वाटेत बाईंनी शेंगांना हातही लावला नाही. रामदासच्या अंगणात त्याची आई सुपात तूर पाखडत होती. रामदास आम्हाला पाहून उठला, पण बाईंनी त्याला हातानंच खाली बसवलं आणि स्वतः बाजेवर बसल्या.

"सांग," त्या मला म्हणाल्या.

मी तो कागद पुढं धरून त्या म्हातारीला सांगितलं, की हे अक्षर माझं आहे, मी तुमच्या मुलाला काहीही विचारलं नव्हतं, मला लाज वाटली म्हणून मनानंच 'नाही' लिहिलं.

म्हातारीनं सूप थांबवलं. "म्हंजे शिक्का खोटा हाय?"

"शिक्का खरा हाय," बाई म्हणाल्या. "मजकूर खोटा हाय."

"मंग खरं काय हाय?"

"ते मी नाई सांगू शकत. पेशंटचं मी कोनाले सांगत नाई. ज्याले माहीत हाय तो बसला हाय इथंच."

आणि बाई बसून राहिल्या. पाणी मागितलं, प्याल्या. गाय किती दूध देते विचारलं. चहा मागितला, तोही प्याल्या. यंदा तूर कशी आली विचारलं. म्हातारी उत्तरं देत होती, पण तिचे डोळे मुलावर. रामदास जमिनीवरची माती नखानं उकरत होता. परतीची एस्टी यायची वेळ झाली. मी चुळबुळ केली. बाई म्हणाल्या, "जाऊ दे एस्टी. मी काई घाईत नाई."

मग रामदास मातीकडंच पाहत म्हणाला, "सिंदीले... सीझनमंदी... दोन-चार डाव गेलतो मी. माह्यासंगचे सारे जात होते."

म्हातारी उठली. तिनं सुपातला सगळा कोंडाकचरा त्याच्या डोक्यावर रिकामा केला. मग पदर सावरून बाईंकडं वळली, "माह्या सुनेले कोन सांगन आता?"

"तुमी," बाई म्हणाल्या. "काढलं तुमी, आनाल तुमी."

म्हातारी दुसऱ्या दिवशी सुनेच्या माहेरी गेली. पण सुमन लगेच आली नाही. पुढच्या आठवड्यात ती सतरा नंबरमध्ये आली, तेव्हा मागं मागं रामदासही आला होता. बाईंनी तिला विचारलं, "जातं का परत?"

"पह्यले त्याच्या साऱ्या सुया होऊ द्या," सुमन म्हणाली. "मंग पाहीन मी."

पेनिसिलिनची सुई तशी दुखरी. प्रत्येक वेळी सुमन पोर घेऊन दाराबाहेर उभी राहायची, आतून रामदासचा 'आई गं' ऐकायची आणि मगच बाकावर बसायची. सुया संपल्यावर ती नांदायला गेली. तो खोटा कागद तिनं बाईंकडून मागून घेतला आणि चुलीत घातला.

राहिला लेख. सेक्रेटरींना कळल्यावर ते धावत आले. "शेवटच्या पानावर बारीक टायपात शुद्धिपत्र देऊन टाका बाई. कुणी वाचत नाही."

"शुद्धिपत्र स्पेलिंगचं राह्यते," बाई म्हणाल्या. "एका बाईले घराबाहेर काढलं, ते काय स्पेलिंग हाय?"

"मग त्या टायपिस्टला तरी काढा."

मी दाराशीच उभा होतो. बाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "याले काढलं तर दुसरा येईन. तोही लाजन. हा एक डाव लाजून मोकळा झाला हाय, राहू द्या."

बाईंनी मजकूर मला सांगितला आणि पहिल्या पानावर टाकायला लावला. इंग्रजीच्या खाली, जर्नलच्या इतिहासात प्रथमच, मराठी : 'मागील अंकातील माझा लेख वाचकांनी खरा धरू नये. त्यातले प्रश्न रुग्णांना विचारलेच गेले नव्हते. विचारणारा लाजला. तो लाजेल हे मला आधी दिसायला हवं होतं, आणि उत्तरांची शंका आली तेव्हा मी स्वतः एका रुग्णाला तरी विचारायला हवं होतं. मी ते केलं नाही. लेख माझा, चूक माझी.' खाली सही. माझं नाव कुठंच नव्हतं. मी म्हटलं, "बाई, माझं नाव टाका." त्या म्हणाल्या, "तुले नाव छापून यायची हौस असन तर स्वतःचा लेख लेही."

मी तो कागद आबाजींकडं नेला. मराठी पाहून त्यांनी चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला. मग मागच्या कपाटातले जुने अंक काढून त्यांची पानं चाळू लागले.

"भोयर, हे सारं असंच हाय का आतमंदी? गर्मी, परमा?"

"हो."

"एवढे वर्स हेच छापून राह्यलो मी?"

"हो."

आबाजींनी माळ चाचपली. मला वाटलं, आता जर्नल गेलं. ते म्हणाले, "मंग मराठीत काऊन नाई छापत बाई? हे इंग्रजीत कोन वाचते? माह्या दुकानात येनाऱ्या अर्ध्या नवरदेवाईले हे पत्रिकेसंग देल्लं पाह्यजे." त्या अंकापासून प्रत्येक लेखाचा गोषवारा मराठीत येऊ लागला. बाईंची ती शब्दांची वही तेव्हा कामी आली.

परिषदेचं आमंत्रण रद्द झालं. एका नामांकित डॉक्टरांनी लिहिलं की आपण या क्षेत्राचं हसं केलंत. काहींनी अंक घेणं थांबवलं. बाईंना लागलं असावं. दोन-तीन दिवस त्या पेशंटांशीही हळू बोलत होत्या. रेशमी साडी त्यांनी एका नर्सच्या लग्नात देऊन टाकली. पण मग वेगळी पत्रं येऊ लागली. दूरच्या एका डॉक्टरांनी लिहिलं, तुमचा अंक वाचून मी आमच्या कारकुनाशेजारी एक दिवस बसलो. तोही विचारत नाही. मग आणखी एक तसंच पत्र, मग आणखी. बाईंनी ती नावं वगळून छापली. "पाह्य," मला म्हणाल्या, "देशभर तुह्ये भाऊबंद हायेत."

शिक्षा मला झाली, पण बाईंच्या पद्धतीनं. रोज पेशंट सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्यासमोर बसायचं आणि तो कागद त्यांना मोठ्यानं विचारायचा. बाई रोज नवा पेशंट व्हायच्या. एके दिवशी एस्टी कंडक्टर, एके दिवशी तलाठी, एके दिवशी देवळातले पुजारी.

"लग्नाबाहेर कुणाशी संबंध आला का?"

"आवाज नाई आला."

"संबंध आला का?"

"आला ना साहेब," कंडक्टर झालेल्या बाई म्हणायच्या, "पुलगावले आला, देवळीले आला. अन् आर्वीले येनार होता, पन गाडी पंक्चर झाली." बाहेर बाकावरचे पेशंट खो खो हसायचे. माझे कान लाल व्हायचे बंद होईपर्यंत हे चाललं. दाढी करतानाही माझ्या तोंडून प्रश्न निघत. एकदा बायकोनं ऐकलं. तिला सगळं सांगावं लागलं, आणि मग आईलाही. आई म्हणाली, "म्या तं कवाचंच ओळखलं होतं. सतरा नंबर साऱ्या सिंदीले माहीत हाय."

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक पेशंटला, प्रत्येक प्रश्न. लोक बोलले. मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त बोलले, कारण इतके दिवस त्यांना कुणी सरळ विचारलंच नव्हतं. नव्या लेखात काही चमत्कारिक निघालं नाही. पुरुष कामासाठी गाव सोडतात, रोग आणतात आणि दोष बायकोवर येतो, एवढंच. मोठ्या नियतकालिकांनी त्याची दखल घेतली नाही. आम्ही तो सतरा नंबरमधून छापला आणि बाईंनी समासात काहीही लिहिलं नाही. माझ्या लेखी तीच दखल होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बाई निवृत्त झाल्या आणि तळेगावला बागेत राहायला गेल्या. जर्नल मोठ्या शहरातल्या कुणी चालवायला घेतलं. त्यांनी पहिल्याच अंकात मराठी गोषवारा बंद केला. बाईंचं मला एका ओळीचं कार्ड आलं : 'काऊन?' मी ते नव्या संपादकांना नीट इंग्रजीत करून पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढं एकदा आष्टीकडं लग्नाला जाताना आमची एस्टी तळेगावला थांबली. बाजाराचा दिवस होता. खिडकीतून पाहिलं तर वांग्यांच्या ढिगाशी कडूबाई. केस पार पांढरे. मी उतरलो, नमस्कार केला. त्यांनी माझ्या बायकोची, आईची चौकशी केली, आणि मी थोडा जाड झालोय म्हणून चार शब्द सुनावले.

सतरा नंबरचा पेशंट रस्त्यात भेटला तर बाईंना कधी ओळख दाखवत नसे. समोरून येताना दिसला की तो एकदम आभाळाकडं पाहू लागायचा. बाई म्हणायच्या, त्याच्यावरून मी ओळखते. पण त्या दिवशी पागोटेवाला एक म्हातारा गर्दी सारत सरळ आला. बरोबर सून, तिच्या हाताशी दोन नातवंडं. त्यानं भर बाजारात बाईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पाहा रे, ह्याच त्या कडूबाई! ह्याईनं माही गर्मी बरी केली! सतरा नंबरात!"

वांगेवाली, तिचं गिऱ्हाईक, सगळा बाजार वळून पाहू लागला. बाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हाताऱ्याचा खांदा दाबला. "अबे हळू बोल ना बाप्पा. सून ऐकून राह्यली."

"आमाले माहीत हाय बाई," सून म्हणाली. "बुवा साऱ्याईलेच सांगत राह्यते. मागच्या महिन्यात याह्याले, माह्या बापाले, सांगतलं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. कंडक्टरनं घंटी दिली, मी पळत गाडीत चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा म्हातारा अजून बोलतच होता आणि कडूबाई पदराआड हसत, त्याच्याकडं न पाहता, एकामागून एक वांगी पिशवीत भरत होत्या.